मर्सिडीज आणि जीप: 'बरोबरीचं' म्हणून झालेलं एक लग्न

हा आपल्या आजच्या भागाचा लिखित मजकूर. जर्मन आणि अमेरिकन नावं नुसती ऐकून पटकन लक्षात राहत नाहीत, म्हणून ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी सगळं इथे आहे. लोकलमध्ये हेडफोन घरी विसरला असेल तरी चालेल.

आजचा विषय गाड्यांचा आहे, पण मायलेज आणि फीचर्सचा नाही. चाकणला मर्सिडीजची फॅक्टरी आहे, हे पुण्याच्या मंडळींना सांगायला नको. आणि रांजणगावच्या एमआयडीसीत, महागणपतीचं दर्शन घेऊन पुढे गेलात की, जीप कंपास बनते. या दोन गाड्यांचे मालक आज वेगळे, ग्राहक वेगळे. पण १९९८ ते २००७ ही नऊ वर्षं मर्सिडीज आणि जीप एकाच कंपनीच्या होत्या. कंपनीचं नाव डेमलरक्रायस्लर. पुण्यातली मर्सिडीजची कंपनीसुद्धा त्या काळात 'डेमलरक्रायस्लर इंडिया' होती.

मॅनेजमेंटच्या कोर्सला असाल तर ही केस स्टडी तुम्हाला भेटलीच असेल. तिथे उत्तर ठरलेलं असतं: कल्चर क्लॅश. जर्मन शिस्तीचे, अमेरिकन मोकळेढाकळे, जमलं नाही, संपलं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. खरं घोडं कुठे पेंड खात होतं, आणि त्याची किंमत नेमकी कोणी भरली, ते आज बघू.

आधी मुलाकडचे आणि मुलीकडचे कोण होते ते सांगतो. (कोण मुलाकडचं, हाच पुढे वाद झाला, पण ते येईलच.)

डेमलर-बेंझ ही स्टुटगार्टची. मर्सिडीज, मोठमोठे ट्रक, बस. आपल्याकडे तिची ओळख जुनी. १९५४ पासून पंधरा वर्षं टाटांचे ट्रक मर्सिडीजचा तारा लावून धावत होते, ते याच कंपनीशी केलेल्या करारामुळे. क्रायस्लर ही डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्सची. डॉज, प्लिमथ, आणि १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्स विकत घेतल्यावर हाती आलेली जीप. हिचंही आपल्याशी नातं आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या लायसन्सवर डॉज आणि प्लिमथ बनवल्या, फियाट नंतर आली.

१९९० च्या दशकात क्रायस्लर जोरात होती. १९७९ च्या सुमारास ती दिवाळखोरीच्या दारात उभी होती, सरकारच्या हमीवर मिळालेल्या कर्जाने वाचली आणि ते कर्ज तिने १९८३ मध्ये मुदतीआधी फेडलं. त्यानंतर तिने एक पद्धत बसवली. डिझायनर, इंजिनिअर, खरेदीवाला, फॅक्टरीतला माणूस, सगळ्यांना एका गाडीसाठी एकाच टीममध्ये बसवायचं. यामुळे नवी गाडी कमी खर्चात आणि कमी वेळात तयार व्हायची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पार्ट्स पुरवणाऱ्या व्हेंडरशी नातं. थॉमस स्टॉलकॅम्प नावाचा अधिकारी खरेदी विभाग बघायचा. त्याच्या काळात व्हेंडरला सांगितलं जायचं की तुझा पार्ट स्वस्त कसा होईल हे तूच सुचव, जे वाचेल त्यातला वाटा तुला. भोसरी, चाकणमध्ये ज्यांच्या घरचं छोटं वर्कशॉप आहे त्यांना याची किंमत कळेल. मोठा ग्राहक भाव पाडून मागतो, हा नेहमीचा अनुभव. इथे मोठा ग्राहक विचारत होता की आपण दोघं मिळून कुठे वाचवू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एवढं छान चाललेलं असताना लग्न कशाला? भीती. १९९५ मध्ये कर्क कर्कोरियन या अब्जाधीशाने, क्रायस्लरचेच जुने प्रमुख ली आयकोका यांना सोबत घेऊन, कंपनी गिळायचा प्रयत्न केला होता. तो फसला, पण क्रायस्लरचे प्रमुख बॉब ईटन यांच्या मनात शंका राहिली की पुढच्या मंदीत आपण एकटे टिकू का. तिकडे डेमलरचे प्रमुख युर्गन श्रेम्प यांना वाटत होतं की नुसत्या महागड्या गाड्यांवर मोठं होता येणार नाही, अमेरिकेत पाय रोवायला हवेत. जानेवारी १९९८ मध्ये श्रेम्प ऑबर्न हिल्सला ईटन यांच्या ऑफिसात गेले आणि प्रस्ताव ठेवला. ती भेट वीस मिनिटंही चालली नाही म्हणतात. आपल्याकडे स्थळ बघायला गेल्यावर पोहे खायलाच तेवढा वेळ लागतो.

७ मे १९९८ ला लंडनमध्ये घोषणा झाली. साधारण ३६ अब्ज डॉलरचा व्यवहार. आणि शब्द वापरला गेला 'मर्जर ऑफ इक्वल्स', म्हणजे बरोबरीचं विलीनीकरण. श्रेम्प आणि ईटन दोघेही सहअध्यक्ष. दोन मुख्यालयं, स्टुटगार्ट आणि ऑबर्न हिल्स. कामकाजाची भाषा इंग्रजी. जगभरातल्या पेपरांनी कौतुक केलं.

आता जरा हिशेब बघू, कारण सगळी गोम इथे आहे. या व्यवहारात रोख पैसे दिले गेले नाहीत, शेअरची अदलाबदल झाली. नव्या कंपनीत डेमलरच्या शेअरहोल्डर्सकडे सुमारे ५८ टक्के आणि क्रायस्लरच्या शेअरहोल्डर्सकडे सुमारे ४२ टक्के. कंपनीची नोंदणी जर्मनीत. तुम्ही कुणाची कंपनी सरळ सरळ विकत घेता, तेव्हा बाजारभावापेक्षा बरीच जास्त रक्कम द्यावी लागते, कारण तुम्ही नुसते शेअर घेत नाही, मालकीची किल्ली घेता. 'आपण बरोबरीचे' म्हटलं की किल्लीचा भाव कमी होतो. म्हणजे 'इक्वल्स' हा शब्द गोड तर होताच, स्वस्तही होता.

जर्मन नोंदणीमुळे आणखी एक गंमत झाली. क्रायस्लर अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकात होती. नवी कंपनी परदेशी, म्हणून तिला निर्देशांकात जागा मिळाली नाही. जे अमेरिकन फंड निर्देशांकाप्रमाणेच शेअर ठेवतात, त्यांना तो शेअर विकणं भाग पडलं. अमेरिकन मालकीचा हिस्सा आपोआप घसरत गेला. बरोबरी कागदावरूनसुद्धा निसटायला लागली.

सुरुवातीचे महिने मानपानात गेले. हे किस्से केस स्टडीत हमखास असतात, म्हणून थोडक्यात. व्हिजिटिंग कार्डाचा आकार अमेरिकन असावा की जर्मन? विमानात कोणी कोणत्या क्लासने जायचं? पगाराचा प्रश्न तर भलताच अवघड, कारण कागदावर 'धाकटे' असलेले अमेरिकन अधिकारी जर्मन साहेबांपेक्षा कितीतरी जास्त कमवत होते. पण कार्डाच्या आकारावरून कुठली कंपनी बुडत नाही. दोन वेगळ्या घरांत वाढलेली माणसं महिन्याभरात एकमेकांचा चहा कसा लागतो ते शिकतात. प्रश्न हा होता की घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे कोणी उघड बोलायलाच तयार नव्हतं.

माणसं मात्र ते ओळखून होती. डिझाईन आणि इंजिनिअरिंगचा जीव असलेले बॉब लुट्झ १९९८ मध्येच निवृत्त झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये स्टॉलकॅम्प यांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. बरीच अनुभवी मंडळी फोर्ड आणि जनरल मोटर्सकडे गेली. २००० च्या सुरुवातीला खुद्द ईटन निवृत्त झाले आणि दोन सहअध्यक्षांतला एकच उरला. त्याच वर्षी क्रायस्लर एका तिमाहीत पन्नास कोटी डॉलरहून जास्त तोट्यात गेली. दोन वर्षांपूर्वी जी कंपनी डेट्रॉइटमध्ये सगळ्यांना हेवा वाटेल अशी कमावत होती, तीच.

आणि मग ऑक्टोबर २००० मध्ये श्रेम्प यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला मुलाखत दिली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की क्रायस्लर हा आपला एक विभाग असावा हीच रचना मला पहिल्यापासून हवी होती, पण तसं आधी बोललो असतो तर समोरच्यांनी करारच केला नसता. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं, ते भांडं स्वतःच टेबलावर आणून ठेवलं!

विचार करा, ऑबर्न हिल्समध्ये काम करणाऱ्या इंजिनिअरने हे पेपरात वाचलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल. कर्कोरियनला काय वाटलं ते मात्र आपल्याला माहीत आहे, कारण तो कोर्टात गेला. क्रायस्लरचे सुमारे १४ टक्के शेअर त्याच्याकडे होते. त्याचं म्हणणं एवढंच: हा ताबा होता तर ताब्याची किंमत द्या. कंपनीने २००३ मध्ये बाकीच्या शेअरहोल्डर्सशी ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कर्कोरियनचा दावा मात्र २००५ मध्ये कोर्टाने फेटाळला.

मुलाखतीनंतर महिन्याभरातच क्रायस्लरचा अमेरिकन प्रमुख बदलला आणि स्टुटगार्टहून डीटर त्सेत्शे आले. मोठ्या मिशांचे, पुढे क्रायस्लरच्या जाहिरातींत 'डॉक्टर झेड' म्हणून झळकलेले तेच. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तीन वर्षांत २६,००० लोक कमी करणार. म्हणजे दर पाच कर्मचाऱ्यांमागे एक. सहा कारखाने बंद किंवा विक्रीला.

व्हेंडर्सना निरोप गेला: १ जानेवारीपासून भाव सरसकट ५ टक्के कमी, पुढच्या दोन वर्षांत आणखी १० टक्के. आता मघाची स्टॉलकॅम्प यांची पद्धत आठवा. वर्षानुवर्षं ज्या व्हेंडरला 'आपण मिळून वाचवू' सांगितलं, त्याला एका पत्राने 'तू वाचव' सांगितलं. कित्येकांनी नकार दिला. पण माझ्या मते खरं नुकसान त्या पाच टक्क्यांत नाही. एकदा असं पत्र आलं की व्हेंडर नवी कल्पना आधी तुमच्याकडे आणत नाही, दुसऱ्या ग्राहकाकडे नेतो. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, पाच वर्षांनी गाडीच्या दारांमधल्या फटीत दिसतं.

तुम्ही म्हणाल, मर्सिडीजचं तंत्रज्ञान तर मिळालं ना? तिथेही गोची होती. विलीनीकरणाचा सगळा फायदा म्हणजे एकच सांगाडा, एकच इंजिन, एकच खरेदी. पण मर्सिडीजवाल्यांना धास्ती होती की आपले पार्ट डॉजमध्ये दिसले तर आपल्या ताऱ्याचा भाव उतरेल. ही धास्ती खोटी नव्हती. दुप्पट पैसे मोजणारा ग्राहक विचारणारच की मग मी तीच गाडी का घेऊ? त्यामुळे वाटून घ्यायचं ते जपून, उशिरा, थोडं थोडं दिलं गेलं. २००३ मध्ये आलेली क्रायस्लर क्रॉसफायर ही जुन्या मर्सिडीज एसएलकेच्या पायावर होती. २००४ च्या क्रायस्लर ३०० मध्ये ई-क्लासचे काही भाग आणि गिअरबॉक्स वापरला, आणि ती गाडी खरंच गाजली. म्हणजे जमलं असतं. पण तोपर्यंत सहा वर्षं गेली होती.

आणि मर्सिडीज सुखात होती असंही नाही. श्रेम्प यांना जागतिक साम्राज्य हवं होतं. २००० मध्ये जपानच्या मित्सुबिशी मोटर्समध्ये ३४ टक्के आणि कोरियाच्या ह्युंदाईत १० टक्के हिस्सा घेतला होता. मित्सुबिशी खोल तोट्यात गेली आणि २००४ मध्ये डेमलरने तिथून हात काढून घेतला. सगळीकडे आग विझवता विझवता घरच्या दर्जाकडे दुर्लक्ष झालं. मार्च २००५ मध्ये मर्सिडीजला १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा ज्यांनी नवी ई-क्लास घेतली, त्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या तक्रारी आठवत असतील. जुलै २००५ मध्ये श्रेम्प यांनी पद सोडणार असं जाहीर केलं. त्या दिवशी शेअर चांगलाच उसळला. साहेब जाणार म्हणून बाजाराने पेढे वाटले, असं क्वचितच होतं.

१४ फेब्रुवारी २००७. व्हॅलेंटाईन डेला क्रायस्लरने आणखी १३,००० नोकऱ्या कमी करायची घोषणा केली. मे महिन्यात घटस्फोट जाहीर झाला. सर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीने ८०.१ टक्के हिस्सा ७.४ अब्ज डॉलरला घेतला. ३६ अब्जला घेतलेली कंपनी ७.४ ला गेली, एवढंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण त्यातले बहुतेक पैसे क्रायस्लरमध्येच घालायचे होते. सगळा हिशेब करता डेमलरला स्वतःच्याच खिशातून पैसे घालून बाहेर पडावं लागलं. का? कारण क्रायस्लरबरोबर हजारो निवृत्त कामगारांचं पेन्शन आणि औषधपाण्याचा खर्चही होता. अमेरिकेत हा बोजा कंपनीच्या डोक्यावर असतो. तो दुसऱ्याने उचलला, हीच डेमलरची कमाई.

पुढचं सगळं डेमलरच्या माथी मारता येणार नाही. २००८ मध्ये पेट्रोल भडकलं, मग बँका कोसळल्या, आणि क्रायस्लरकडे विकायला होत्या त्या बऱ्याचशा जाडजूड एसयूव्ही. जनरल मोटर्सही बुडालीच की. पण वादळ येतं तेव्हा होडीला आधीच किती भोकं आहेत हे महत्त्वाचं ठरतं. क्रायस्लरकडे नव्या छोट्या गाड्या नव्हत्या, त्या बनवणारी माणसं गेली होती, आणि विलीनीकरणाच्या वेळची गंगाजळी संपली होती. ३० एप्रिल २००९ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे जरा थांबू, कारण एरवी गोष्ट सांगताना हा भाग 'आणि मग फियाटने घेतली' एवढ्यात उरकतात.

डेलावेअर राज्यात न्यूअर्क म्हणून गाव आहे. तिथला क्रायस्लरचा कारखाना १९५० च्या दशकात रणगाडे बनवायला सुरू झाला आणि मग गाड्या बनवत राहिला. २००७ च्या कपातीत तो बंद करायच्या यादीत आला, डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता डेलावेअर विद्यापीठाचा कॅम्पस आहे. जागेचं चांगलं झालं.

मे २००९ मध्ये क्रायस्लरने देशभरातल्या ७८९ डीलर्सना कळवलं की तुमचा करार जूनमध्ये संपतोय. हातात साधारण चार आठवडे. यातली कित्येक दुकानं एकाच कुटुंबाने दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चालवलेली. गाड्यांचा स्टॉक, सुटे भाग, मेकॅनिक, कर्ज, सगळं तसंच. यातल्या कुणीही १९९८ मध्ये लंडनला सही केली नव्हती.

आणि निवृत्त कामगार? त्यांच्या औषधपाण्यासाठी कंपनीने जी रक्कम द्यायची होती, तिच्या मोठ्या भागाऐवजी त्यांच्या ट्रस्टला नव्या क्रायस्लरचे ५५ टक्के शेअर दिले गेले. ऐकायला भारी वाटतं, कामगार मालक झाले. पण तुमच्या आजोबांच्या ऑपरेशनचे पैसे आता एका नुकत्याच बुडालेल्या कंपनीच्या शेअरच्या भावावर अवलंबून आहेत, असं म्हटलं की वेगळं वाटतं. नशिबाने कंपनी सावरली आणि २०१४ मध्ये फियाटने तो हिस्सा विकत घेतला. अमेरिकन करदात्यांचे मात्र सुमारे १.३ अब्ज डॉलर बुडाले.

फियाट आणि क्रायस्लर मिळून एक कंपनी झाली. तिची जीप टाटांबरोबरच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून बनू लागली. २०२१ मध्ये ही कंपनी प्यूजोबरोबर मिळून स्टेलँटिस झाली. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये क्रायस्लर आणि फियाट एका छताखाली येऊन गेल्या होत्या, ते असंच आठवलं.

एक गंमत राहिलीच. २०१० मध्ये आलेली जीप ग्रँड चेरोकी आणि त्यानंतरची मर्सिडीज एम-क्लास यांचा पाया एकच होता. एकत्र असताना आखलेली गाडी वेगळं झाल्यावर जन्माला आली. घटस्फोटानंतरचं हे अपत्य दोन्ही घरी चांगलं वाढलं.

आता एका श्रोत्याचा प्रश्न. गेल्या भागानंतर विचारलं होतं: 'मग टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली, ती कशी टिकली?' तिथेही पहिलं वर्ष भयंकर गेलं होतं. पण फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेताना कोणी बरोबरीची भाषा केली नाही. विकत घेतली म्हणून सांगितलं, आणि कारभार बराचसा तिकडच्याच लोकांकडे ठेवला. मालक कोण हे माहीत असलेल्या घरात मोकळीक देणं सोपं जातं.

दुसरा प्रश्न होंडा आणि निस्सानबद्दल बऱ्याच जणांनी विचारला. डिसेंबर २०२४ मध्ये दोघांनी एकत्र यायची बोलणी जाहीर केली. मग होंडाने प्रस्ताव ठेवला की निस्सानने आमची उपकंपनी व्हावं. जे श्रेम्प दोन वर्षं मनात ठेवून होते, ते इथे साखरपुड्याआधीच बोललं गेलं. निस्सानला ते मान्य झालं नाही आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी मोडली. पण स्वाभिमान राखला म्हणून निस्सानचे कामगार वाचले असं समजू नका. मे महिन्यात निस्सानने २०,००० नोकऱ्या कमी करायचं आणि १७ कारखान्यांचे १० करायचं जाहीर केलं.

तर आजच्यापुरतं एवढंच. घरात कोणी चाकण-रांजणगावला कामाला असेल, एखादी कंपनी दुसरीत विलीन होताना जवळून बघितली असेल, तर कळवा. नाव न घेता पुढच्या भागात त्यावर बोलू.